रागाचा शब्द, घरांतील बंदूक आणि न्यायाची रीत

रागाच्या भरांत मनुष्य काय बोलेल याचा नेम नसतो. "एकेकाला पाहून घेईन," "घराला आग लावीन," "एकदां माझा जीव घ्या म्हणजे सुटाल," असे उद्गार ज्या घरांत कधींच निघाले नाहींत असें घर आम्हीं तरी आमच्या साठांहून अधिक वर्षांच्या आयुष्यांत पाहिलें नाहीं. बहुतेक वेळां हे शब्द चुलीवरील दुधासारखे उतूं जातात, आणि घटकाभरानें बोलणाऱ्यासच त्यांची लाज वाटते. चार भिंतींच्या आंत बोललेला असा शब्द जेथल्या तेथें विरून जावा ही आपल्या कुटुंबांची जुनी रीत आहे, व ती सर्वस्वी वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु बोलणाऱ्याच्या हाताशीं भरलेलें पिस्तूल असेल तर? त्या वेळीं तो शब्द नुसता शब्द राहतो काय? आणि शब्दापलीकडे ज्यानें अद्यापि कांहींच केलेलें नाहीं, त्याच्या घरांत शिरून त्याची वस्तु उचलून नेण्याचा अधिकार सरकारास कितपत असावा? या महिन्यांत वाचकांपुढें हाच प्रश्न मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रश्नास निमित्त झालें तें एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांची कन्या व जामात अमेरिकेंत कनेटिकट राज्यांत राहतात. त्यांच्या आळींतील एका गृहस्थाच्या बंदुका, तो कांहीं भयंकर बोलला म्हणून, पोलिसांनीं नेल्या. कन्येला हायसें वाटलें. जांवईबापू मात्र संतापले. गुन्हा नाहीं, खटला नाहीं, आणि माणसाची मालमत्ता उचलून नेली, हा कुठला न्याय, असें त्यांचें म्हणणें. दोघेंही शिकलेलीं व समंजस. तेव्हां यांत खरें कोणाचें, असें भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे. आमचें उत्तर असें कीं प्रत्येकाचें अर्धें म्हणणें खरें आहे. आणि हीं दोन अर्धीं एकत्र बसविण्याची जी पद्धति, तिलाच न्यायाची रीत म्हणतात. हें कसें तें क्रमानें पाहूं.

प्रथम जांवईबापूंची बाजू घेऊं. कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत ती उचलून धरली आहे. ऱ्होड आयलंड हें क्षेत्रफळानें अमेरिकेंतील सर्वांत लहान राज्य. त्यांतील क्रॅन्स्टन शहरीं ऑगस्ट २०१५ मध्यें एका प्रौढ दांपत्याचें भांडण जुंपलें. भांडतां भांडतां नवऱ्यानें पिस्तूल आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलें, आणि आतां मला गोळी घाल व एकदांचें संपव, अशा अर्थाचे शब्द तो बायकोला बोलला. पिस्तूल रिकामें होतें. पण असल्या प्रसंगीं तें उघडून पाहण्याचें भान समोरच्या माणसाला कोठून असणार? ती बाई ती रात्र घर सोडून एका हॉटेलांत राहिली. दुसऱ्या दिवशीं टेलिफोन करूनही नवरा बोलेना, तेव्हां घाबरून तिनें पोलिसांस कळविलें. पोलीस तिच्यासह घरीं गेले, तों गृहस्थ ओसरीवर धडधाकट. मी बोललों हें खरें, पण मरण्याचा माझा विचार नाहीं, असें त्यानें सांगितलें. मनाची परीक्षा करून घेण्यासाठीं इस्पितळांत जा, असें पोलिसांनीं सुचविलें. माझ्या बंदुकांना हात लावणार नसाल तर जातों, या अटीवर आपण गेलों असें त्याचें म्हणणें. गाडी त्याला घेऊन गेली, आणि पोलिसांनीं घरांत जाऊन त्याचीं दोन पिस्तुलें नेलीं. इस्पितळानें त्याला ठेवून घेतलें नाहीं. पिस्तुलें मात्र कांहीं महिन्यांनीं, वकिलामार्फत मागणी केल्यावर, परत मिळालीं. त्यानें शहराच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला.

खालच्या दोन्ही न्यायालयांनीं पोलिसांचें म्हणणें उचलून धरलें. त्यांचा आधार होता १९७३ सालचा एक निकाल. त्या प्रकरणांत अपघातानें बंद पडलेल्या व ओढून नेलेल्या मोटारींत एका पोलिसाचें रिव्हॉल्व्हर राहिलें असावें, तें भलत्याच्या हातीं पडूं नये म्हणून वॉरंटावांचून झडती घेतली होती. गुन्ह्याच्या तपासाखेरीज लोकांची काळजी वाहण्याचेंही पोलिसांचें एक काम असतें, असें म्हणून न्यायालयानें ती झडती त्या वेळीं मान्य केली होती. मग हीच काळजी मोटारीसारखी घराचीही वाहिली तर काय बिघडलें, असा हा युक्तिवाद. १७ मे २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनीं एकमतानें तो फेटाळला. न्यायमूर्ति क्लॅरेन्स थॉमस यांनीं लिहिलेलें निकालपत्र अगदीं लहान आहे आणि त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येतें: मोटार वेगळी व घर वेगळें. १७९१ मध्यें अमेरिकेच्या राज्यघटनेस ज्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या त्यांतील चौथी दुरुस्ती मनुष्याच्या घरास अवाजवी झडतीपासून संरक्षण देते, आणि काळजीच्या नांवाखालीं तें संरक्षण विरघळूं देतां येत नाहीं.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. कारण या निकालाचा अर्थ पुष्कळांनीं वाजवीपेक्षां फुगवून घेतला. धमकी देणाऱ्याच्या हातीं शस्त्र राहूं द्यावें असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. कोणाचा जीव त्याच क्षणीं धोक्यांत असेल तर पोलिसांनीं वॉरंटाची वाट पाहत दाराशीं उभें राहावें, असेंही म्हटलेलें नाहीं. उलट मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्स व न्यायमूर्ति कॅव्हनॉ यांनीं वेगळे अभिप्राय जोडून तें स्पष्ट केलें. न्यायमूर्ति ॲलिटो यांनीं तर धोकादायक माणसाच्या बंदुका न्यायालयाच्या हुकुमानें घेण्याचे जे कायदे आहेत त्यांचा प्रश्न या खटल्यांत उभाच नाहीं, असें नमूद केलें. एकंदर निकाल एवढाच कीं "आम्ही तुमच्या भल्यासाठींच आलों" हें वाक्य परक्याच्या घराचें दार उघडण्यास पुरेसें नाहीं. आमच्या मतें हा निकाल योग्य आहे. सत्ता बहुधा भल्याच्याच नांवानें घरांत शिरते. वाईट करावयास आलों असें सांगून आंत येणारा अधिकारी अद्यापि कोणी पाहिलेला नाहीं.

आतां कन्येची बाजू. तीही तितकीच वजनदार आहे, आणि ती सांगतांना मन खिन्न होतें. इंडियाना राज्यांतील इंडियानापोलिस शहरीं जानेवारी २००४ मध्यें पोलिसांनीं एका मनोरुग्ण माणसाच्या बंदुका काढून घेतल्या होत्या. पण त्या अडकवून ठेवण्यास कायद्यांत आधार नव्हता. म्हणून मार्च महिन्यांत त्या त्याला परत द्याव्या लागल्या. १८ ऑगस्टच्या रात्रीं त्या माणसानें आपल्या जन्मदात्या आईला ठार केलें आणि रस्त्यावर येऊन पोलिसांवर गोळ्या झाडल्या. जेक लेअर्ड हा तरुण अंमलदार मृत्युमुखीं पडला. आणखी चार अंमलदार जखमी झाले. पुढच्याच वर्षीं इंडियानानें कायदा केला. तो आजही लेअर्डच्या नांवानें ओळखला जातो.

दुसरें उदाहरण मेन राज्यांतील लुइस्टनचें. २५ ऑक्टोबर २०२३ रोजीं तेथें एका राखीव सैनिकानें अठरा माणसें मारलीं. त्याची प्रकृति बिघडत चालली आहे, आणि त्याच्यापाशीं बंदुका आहेत, हें त्याच्या घरच्यांनीं कित्येक महिने आधींच कळविलें होतें. हा माणूस पुष्कळांवर गोळ्या झाडील असें भय एका सहकाऱ्यानें सप्टेंबर महिन्यांत लिहून कळविलें होतें. पोलीस त्याच्या दाराशीं जाऊन आले. त्यानें दार उघडलें नाहीं, आणि बंदुका दूर करण्याचें काम नातलगांवरच राहिलें. पुढें नेमलेल्या चौकशी मंडळानें २०२४ मध्यें अभिप्राय दिला कीं त्या माणसाला ताब्यांत घेण्याइतकी माहिती पोलिसांजवळ तेव्हांच होती. म्हणजे शब्द बोलला गेला होता, ऐकला गेला होता, लिहिला गेला होता. आणि तरी अठरा घरें उजाड झालीं.

या दोन बाजूंतून वाट काढण्याचा पहिला प्रयत्न कनेटिकटनेंच केला. मार्च १९९८ मध्यें तेथील सरकारी सोडतीच्या कचेरींत एका हिशेबनिसानें चार वरिष्ठांस ठार करून आत्महत्या केली, आणि १९९९ मध्यें कायदा झाला. त्याची मूळ योजना पाहण्यासारखी आहे. एका पोलिसाला वाटलें म्हणून बंदूक घेतां येत नसे. दोन अंमलदारांनीं किंवा सरकारी वकिलानें शपथेवर अर्ज करावयाचा. त्याआधीं स्वतंत्र चौकशी करून, दुसरा सौम्य उपाय उरलेला नाहीं अशी खात्री करून घ्यावयाची. न्यायाधीशास पटलें तर तो वॉरंट देई. आणि वॉरंट बजावल्यावर चौदा दिवसांचे आंत त्या माणसाची बाजू ऐकून घ्यावयाची. धोका आहे हें तेथें स्पष्ट व खात्रीलायक पुराव्यानें शाबीत करण्याचा भार सरकारवर. शाबीत झालें तर फार तर एक वर्ष शस्त्रें ठेवून घ्यावयाचीं. नाहीं तर परत. फ्लोरिडांतील पार्कलँडच्या शाळेंत फेब्रुवारी २०१८ मध्यें सतरा जीव गेल्यावर तेथेंही असाच कायदा झाला. तेथें अर्ज पोलिसांनींच करावयाचा, तात्पुरता हुकूम एकतर्फी मिळूं शकतो, पण सुनावणी चौदा दिवसांत झालीच पाहिजे. आज वीसहून अधिक राज्यांत या धर्तीचे कायदे आहेत.

अशा जप्तींचा उपयोग होतो काय? ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनीं कनेटिकटमधील १९९९ ते २०१३ पर्यंतचीं ७६२ प्रकरणें तपासून २०१७ मध्यें अनुमान काढलें कीं दर दहा ते वीस जप्तींमागें एक आत्महत्या टळली असावी. हें अनुमान आहे, मोजणी नव्हे. पण त्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे: बंदूक काढून घेतल्यानें जो जीव वाचतो तो पुष्कळदां शेजाऱ्याचा नसून धमकी देणाऱ्याचाच असतो. "मला गोळी घाल" असें म्हणणारा मनुष्य दुसऱ्याचा शत्रु असण्यापूर्वीं स्वतःचा शत्रु झालेला असतो, हें घरच्यांनीं विसरूं नये. त्याच आंकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दहा ते वीसांत एक, म्हणजे बाकीच्या नऊ किंवा एकोणीस जणांच्या बाबतींत कदाचित् कांहींच घडलें नसतें. त्या एकासाठीं इतरांच्या घरीं पोलीस गेले. म्हणून तर त्या इतरांना वागविण्याची रीत सभ्य, मोजकी व लेखी असली पाहिजे. गुन्हेगाराला वागवितांनाही जी मर्यादा पाळावयाची, ती ज्यानें गुन्हाच केलेला नाहीं त्याच्याविषयीं किती अधिक पाळावी!

ती मर्यादा सांभाळली तरी धोका संपत नाहीं. मेरीलँडमध्यें असा कायदा ऑक्टोबर २०१८ मध्यें अंमलांत आला. पुढच्याच महिन्यांत एके दिवशीं पहाटे पांचच्या सुमारास पोलीस एका घरीं हुकूम बजावण्यास गेले. दार उघडणाऱ्याच्या हातीं बंदूक होती. झटापट झाली, आणि साठीचा तो गृहस्थ पोलिसांच्या गोळीनें ठार झाला. जीव वाचविण्यासाठीं काढलेला हुकूमच जीव घेऊन गेला. हुकूम केव्हां बजावावा, कोणीं बजावावा, दाराशीं कसें बोलावें, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण न्याय पुष्कळदां अशाच किरकोळ गोष्टींत असतो किंवा नसतो.

संस्कृताच्या अभ्यासांत आयुष्य घालविलेल्या माणसाला येथें याज्ञवल्क्य आठवल्यावांचून राहत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत वाक्पारुष्याचें, म्हणजे शब्दानें केलेल्या अपराधाचें, स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें बाहु, मान, डोळा किंवा मांडी मोडण्याची नुसती तोंडी धमकी देणाऱ्यास शंभर पण दंड सांगितला आहे. पाय, नाक, कान इत्यादिकांविषयीं धमकी असेल तर त्याच्या निम्मा. पण खरा मार्मिक भाग पुढें आहे. धमकी खरी करण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं नाहीं अशा अशक्ताला दहाच पण दंड. आणि जो समर्थ आहे त्याजकडून दंड तर घ्यावाच, शिवाय ज्याला धमकी दिली त्याच्या क्षेमाविषयीं जामीनही घ्यावा. पाहा, शब्द तोच. पण बोलणारा तें करूं शकेल काय, हा प्रश्न शास्त्रकारानें वेगळा काढला. शिक्षा झाली शब्दाबद्दल, आणि जामीन घेतला सामर्थ्याबद्दल. बंदूक ही अशक्तालाही क्षणांत समर्थ करणारी वस्तु आहे. म्हणून धमकी देणाऱ्याजवळ ती आहे किंवा नाहीं हें पाहणें म्हणजे विचारस्वातंत्र्याचा भंग नव्हे. ती त्या जुन्या विवेकाचीच पुढची पायरी आहे.

त्याच अध्यायांत दुसरे दोन नियम आहेत. एक असा कीं वादीचें म्हणणें प्रतिवादीच्या समोर लिहून घ्यावें. दुसरा असा कीं साहस, चोरी, पारुष्य अशा तांतडीच्या वादांत प्रतिवादीचें उत्तर ताबडतोब घ्यावें. इतर वादांत मुदत देण्यास हरकत नाहीं. आमच्या मतें या सबंध प्रश्नाची किल्ली येथें आहे. तांतडी म्हणजे न ऐकणें नव्हे, तांतडी म्हणजे लवकर ऐकणें. जेथें धोका मोठा तेथें अधिकाऱ्यानें आधीं हात घालावा, हें आम्हांस मान्य आहे. पण जितक्या लवकर हात घातला तितक्याच लवकर कानही दिला पाहिजे.

आपल्याकडील कायदा या कसोटीला कितपत उतरतो? अमेरिकेंत शस्त्र बाळगणें हा घटनेनें दिलेला हक्क आहे. आपल्याकडे तो सरकारी परवाना आहे. त्यामुळें येथें हा प्रश्नच नाहीं असें पुष्कळांस वाटतें. पण तें खरें नाहीं. इंग्रजी अमदानींतील १८७८ च्या शस्त्रकायद्यांतच असें कलम होतें कीं एखाद्याच्या हातीं शस्त्र राहूं दिल्यानें सार्वजनिक शांततेस धोका आहे असें मॅजिस्ट्रेटास वाटल्यास, त्या समजुतीचीं कारणें आधीं नमूद करून, त्यानें झडती घेववावी व शस्त्र अटकावून ठेवावें. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रकायद्यांत हीच तरतूद बाविसाव्या कलमांत आली. ज्याच्याजवळ रीतसर परवाना आहे त्याचेंही शस्त्र या कलमानें घेतां येतें. झडती मात्र मॅजिस्ट्रेटानें किंवा खास अधिकार दिलेल्या अंमलदारानें, अथवा त्यांच्या समक्ष, व्हावयास पाहिजे. म्हणजे अमेरिकेनें १९९९ मध्यें जें प्रथम केलें त्याचें बीज आपल्या कायद्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ पडून आहे. पण उणीव कोठें आहे तीही पाहावी. शस्त्र किती दिवस ठेवावयाचें तें हें कलम मॅजिस्ट्रेटाच्या मर्जीवर सोडतें. चौदा दिवसांत सुनावणी, वर्षाच्या आंत परत, असें कांहीं त्यांत नाहीं. सतराव्या कलमाखालीं परवाना तहकूब किंवा रद्द करतां येतो. त्याचीं कारणें लेखी नमूद करावीं लागतात, मागितल्यास त्यांचा सारांश द्यावा लागतो, परंतु लोकहिताच्या दृष्टीनें तो नाकारण्याची सवलतही अधिकाऱ्यास आहे. अठराव्या कलमानें अपील आहे, व अपिलांत म्हणणें ऐकून घेतल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. मात्र खुद्द सरकारनें दिलेल्या हुकुमावर अपील नाहीं. कारणें लिहिणें व बाजू ऐकणें हे दोन्ही खांब आपल्याकडे उभे आहेत. मुदतीची तुळई मात्र राहून गेली आहे.

निवडणुकीच्या दिवसांत परवान्याच्या बंदुका ठाण्यांत जमा करून घेतात, हें कोंकणांतील व विदर्भांतील पीकरक्षणासाठीं बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. तेथेंही निवडणूक आयोगाची सूचना सरसकट हुकुमाची नसून, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या समितीनें एकेका परवान्याचा विचार करावा अशी आहे: जामिनावर सुटलेले, पूर्वींच्या गुन्ह्यांची नोंद असलेले, निवडणुकींतील दंग्यांत सांपडलेले, असे लोक निवडून काढावे. माणूस पाहून निर्णय करणें आणि सर्वांना एका काठीनें हांकणें, यांत न्यायाचें सारें अंतर आहे.

आम्ही शाळेंत असतां मुलांच्या गलोली, चाकू, भिंगऱ्या पुष्कळ जप्त केल्या. काढून घेण्याला एक क्षण लागे. पण कोणाची कोणती, कां घेतली, आणि केव्हां परत द्यावयाची, हें वहींत लिहून ठेवणारे शिक्षक थोडे. ज्या शिक्षकाच्या कपाटांतील वस्तूवर मुलाचें नांव व तारीख असे, त्याच्याविषयीं मुलांच्या मनांत भीति असे पण द्वेष नसे. ज्याच्या कपाटांत वस्तु नुसत्या पडून राहत, त्याला मुलें मनांतून चोर म्हणत. राज्याचें याहून वेगळें नाहीं. जप्तीवर नांव, कारण व तारीख असेल तर ती शिस्त. नसेल तर ती लूट.

शेवटीं ज्या गोष्टीसाठीं हा सारा खटाटोप केला ती सांगतों. कायदा कितीही चांगला असला तरी घरांतला पहिला शब्द पोलिसांच्या कानीं पडत नाहीं. तो सुनेच्या, पत्नीच्या, आईच्या कानीं पडतो. क्रॅन्स्टनमध्यें पत्नीनें कळविलें, लुइस्टनमध्यें घरच्यांनीं कळविलें. आपल्याकडे मात्र अशा वेळीं घरांतील वडील मंडळी काय सांगतात? "घरची गोष्ट घरांत ठेवा; चारचौघांत शोभा नको." ज्या सुनेला रात्रीं पिस्तूल दाखविलें गेलें तिला ही शिकवण देणें म्हणजे कुलाची अब्रू राखणें नव्हे, एका जिवाच्या किंमतीवर ती विकत घेणें होय. वडील मंडळींना आमची कळकळीची विनंति आहे कीं पोक्तपणाचा उपयोग येथें झांकण्यासाठीं न करतां शहाणपणानें उघडण्यासाठीं करावा.

उघडावयाचें तें कसें? प्रथम, ज्याचा परवाना आहे त्याला शांत वेळीं सांगावें कीं मन ठिकाणावर येईपर्यंत शस्त्र ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे रीतसर ठेव म्हणून ठेव. पुष्कळ माणसें, अपमान न करतां सांगितलें तर, हें ऐकतात. मन आजारी असेल तर डॉक्टरांकडे न्यावें. त्यांत लाज नाहीं. यांतलें कांहीं न जमेल तर तक्रार करावी, आणि ती करतांना काय बोलला, कोणत्या दिवशीं, कोणासमोर, शस्त्र कोठें होतें, एवढेंच जसेंच्या तसें लिहावें; पदरचें एक अक्षर घालूं नये. ठाण्याखेरीज दुसरीही वाट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यांत अशी धमकी हिंसेंतच गणली आहे. त्याखालीं अर्ज केल्यास पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांचे आंत नेमावयाची असते, व तांतडीचा एकतर्फी हुकूमही मिळूं शकतो. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें शांतता राखण्याबद्दल एक वर्षापर्यंतचा मुचलका मॅजिस्ट्रेट घेऊं शकतो. तो याज्ञवल्क्याच्या जामिनाचाच वंशज होय.

याच्याच जोडीला दुसरी सूचना. भाऊबंदकीच्या वादांत, वाटणीच्या भांडणांत, "त्यानें मला जिवें मारण्याची धमकी दिली" हें वाक्य किती सहज लिहिलें जातें हें कचेऱ्यांत खेटे घातलेल्या कोणासही ठाऊक आहे. अशी खोटी तक्रार करणारा केवळ आपल्या भावाचा अपराधी नाहीं. ज्या बाईची तक्रार उद्यां खरी असेल तिचाही तो अपराधी आहे, कारण अंमलदाराचा कान बधिर करण्याचें काम तोच करतो. आणि ज्याचें शस्त्र गेलें त्या घरच्या माणसालाही कोणीं वाळीत टाकूं नये. त्याला कारण लेखी मागण्याचा व आपली बाजू मांडण्याचा मार्ग आहे. तो त्यानें धरावा, आणि घरच्यांनीं त्यास त्या कामीं साहाय्य करावें. भय संपल्यावर त्याची वस्तु त्याला परत मिळाली पाहिजे, व तिच्याबरोबर त्याची पतही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ च्या जून महिन्यांत आठ विरुद्ध एक अशा मतांनीं आणखी एक निकाल दिला. आपल्या जोडीदारास ज्याच्यापासून खरोखर धोका आहे असें न्यायालयानें ठरविलें, त्याचें शस्त्र तात्पुरतें काढून घेणें घटनेस धरून आहे, असा तो निकाल. पण ज्या कायद्याखालीं तो झाला त्यांत आधींच एक अट घातलेली आहे: त्या माणसाला नोटीस मिळाली पाहिजे, आणि आपलें म्हणणें मांडण्याची संधि त्याला मिळालेली पाहिजे. २०२१ चा निकाल व २०२४ चा निकाल वरवर परस्परविरुद्ध दिसतात. एकांत बंदूकवाला जिंकला, दुसऱ्यांत हरला. परंतु दोहोंतून एकच सूत्र निघतें. शस्त्र घ्यावें, पण विचारून, ऐकून, लिहून आणि मुदत घालून. इतकें केलें तर भगिनींच्या कन्येला रात्रीं झोंप लागेल, आणि जांवईबापूंनाही आपल्या घराच्या दाराविषयीं निर्धास्त राहतां येईल. वाचकांचीं यावरील मतें आलीं तर त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.